दोन तास बसायला जमत नाही, मग काय करायचं?

प्रश्न : ताई, गेल्या डिसेंबरात इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं. आल्यावर महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकेक तास नीट बसले. मग मुलाची परीक्षा आली, सासूबाई आजारी पडल्या, आणि आता तीन महिने झाले आसनावर बसलेच नाहीये. सकाळी ६.५० ची लोकल असते. केलेलं सगळं वाया गेलं असं वाटतं आणि त्याचीच टोचणी जास्त लागते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं, अगदी असंच झालं होतं. आपण एक गोष्ट विसरतो, की धम्मगिरीवर, म्हणजे इगतपुरीच्या त्या केंद्रात, पहाटे चारला घंटा वाजते, नाश्ता-जेवण दुसऱ्या कोणीतरी रांधलेलं असतं, फोन जमा केलेला असतो, आर्य मौन, म्हणजे कोणाशी बोलणं-खुणावणं नाही, असं असतं आणि दिवसाचे दहा तास बसणं हे एकच काम असतं. घरी यातलं काहीच नसतं, आणि तरी आपण तोच हिशोब घरात लावायला जातो. ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोयंका गुरुजींनी घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलंय ते बरोबरच आहे, मी त्यात काटछाट करा असं म्हणत नाही, पण दोन तास जमत नाहीत म्हणून शून्य मिनिटं बसणारे साधक मी खूप पाहिलेत आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं.

बुद्धांच्या काळातली सोण भिक्खूची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. हा श्रीमंत घरातला, लाडात वाढलेला तरुण, पायांना जमिनीची सवयच नाही. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळ राहून त्याने चालत चालत ध्यान करायचा इतका नेट धरला की पायातून रक्त यायला लागलं. तरी मन मोकळं होईना, तेव्हा त्याला वाटलं, घरी जावं, पैसा आहे, दानधर्म करून राहावं. बुद्धांनी त्याला विचारलं, तू वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. तसंच वीर्याचं, म्हणजे प्रयत्नाचं आहे, ते सम ठेव. घरी परत जायचा विचार सोणाच्या मनात आला तो तार फार ताणल्यामुळे, त्याला मनापासून करायचं नव्हतं असं नाही. मला वाटतं तुमचंही तेच झालंय.

आता प्रत्यक्षात काय करायचं. उद्यापासून पंधरा मिनिटं, घरात जो कोपरा मिळेल तिथे, फक्त आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघणं. शिबिराचे पहिले तीन दिवस केलं होतंत तेच, नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर श्वास लागतो तिथे लक्ष. श्वास मुद्दाम लांब करायचा नाही, तो प्राणायाम झाला. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे जागरूकतेवरच्या बुद्धांच्या उपदेशात, म्हटलंय की लांब श्वास असेल तर लांब आहे हे जाणतो, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणतो, बस एवढंच.

आणि उरलेल्या दिवसाचं काय, तर त्याच सुत्तात संप्रजन्याचा, म्हणजे प्रत्येक कृती जाणून करण्याचा, भाग आहे तो एकदा काढून वाचा. पुढे जाताना, मागे येताना, इकडेतिकडे बघताना, हातपाय आखडताना-पसरताना, खाताना, पिताना, चघळताना, अगदी शौचाला-लघवीला जाताना, बोलताना आणि गप्प बसताना, या सगळ्यात जाणीव ठेवायची असं सांगितलंय. म्हणजे भांडी घासणं आणि लोकलला लटकणं ध्यानाच्या बाहेरचं कधी नव्हतंच! पण सगळं एकदम धरू नका, एकच काम निवडा. मी सकाळचा चहा निवडला होता, कप हातात घेतल्यापासून शेवटच्या घोटापर्यंत फोन नाही, पेपर नाही, बोलणं नाही. साधं वाटतं, पण पहिले पंधरा दिवस दुसऱ्या घोटालाच मन भाजीवाल्याकडे पोचलेलं असायचं. पोचलं की परत आणायचं, स्वतःवर चिडायचं नाही.

लोकलमध्ये डोळे मिटायची गरज नाही, उभ्या उभ्या श्वास बघा. डब्यात कोणाचं कोपर बरगडीत घुसलं आणि राग आला, की आधी अंगात काय होतंय ते पकडा, कान तापतात का, श्वास जोरात चालतो का, जबडा आवळतो का. ते वाढतं, थोडा वेळ राहतं आणि उतरतं. अनिच्च, म्हणजे काहीच टिकत नाही, हा शब्द शिबिरात शंभरदा ऐकलात तो इथे अंगावर कळतो, घाटकोपर ते दादरमध्ये.

अजून एक, तुमच्या भागात आठवड्याची सामूहिक साधना होत असेल तर तिथे तासभर जाऊन बसा, चार जणांत बसलं की तास निघतो.

प्रश्न : वय ६७, गुडघे गेलेत. मांडी घालता येत नाही, अर्ध्या तासात कळ येते आणि सगळं ध्यान गुडघ्यातच जातं. मी हे सोडून द्यावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काका, सोडू नका, खुर्ची घ्या. पाठ ताठ, पाय जमिनीवर, पुरे. शिबिरातही अशा लोकांना खुर्ची देतात. कळेबद्दल सांगायचं तर बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिलाय, शरीराची वेदना हा पहिला बाण, आणि त्यावर मनाने केलेली रडारड हा दुसरा. दुसरा बाण बघायला शिकायचं. पण गुडघ्याला सूज असेल तर डॉक्टरांना दाखवा, तिथे सहनशक्तीची परीक्षा घ्यायची नाही.

प्रश्न : जय भीम ताई. मी २६ वर्षांचा आहे, घरी रोज बुद्धवंदना असते. ऑफिसात एक वरिष्ठ सारखा आडनावावरून बोलतो. मी ध्यान सुरू केलंय तर मित्र म्हणतात डोळे मिटून अन्याय जात नाही, ही पळवाट आहे. मलाही कधीकधी पटतं.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जय भीम दादा. मित्रांचं अर्धं बरोबर आहे, डोळे मिटून अन्याय जात नाही. ध्यान करून अपमान गिळायला शीक असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. पण तुझ्याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात अष्टांगमार्गाने चालायची प्रतिज्ञा आहे, आणि त्या आठांत सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी आहेत, तशीच सम्यक वाचा आणि सम्यक आजीविकाही आहे. म्हणजे मार्ग अख्खा घ्यायचा आहे, बसणंही आणि उभं राहणंही.

तो माणूस बोलतो तेव्हा पोटात जे पेटतं ते दहा श्वास बघ, राग चूक आहे म्हणून नाही, तर हात थरथरत असताना लिहिलेला अर्ज कमकुवत होतो म्हणून. मग त्याच दिवशी वहीत लिही, तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं. असे तीन-चार प्रसंग जमले की लेखी तक्रार दे आणि पोच घे. आधी एखाद्या वकिलाला किंवा संघटनेतल्या जाणत्या माणसाला वही दाखव. काय झालं ते मला कळव, मी वाट बघतेय.