टीव्हीचा पॉवर सप्लाय बोर्ड दुरुस्त होतो का?

आपल्या एलईडी टीव्हीचा लाल दिवा लुकलुकतो, चित्र-आवाज काहीच येत नाही आणि कारागीर पूर्ण पॉवर सप्लाय बोर्ड (घरातील विजेपासून टीव्हीच्या भागांना लागणारे व्होल्टेज तयार करणारा बोर्ड) बदलण्यास सांगतो, तर तो बोर्ड दुरुस्त होईल का, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा होतो. मीटर न लावताच बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला मी कारागीर मानत नाही.

नाशिकला पंचवटीत माझे दुरुस्तीचे दुकान आहे. एका जानेवारीत सिडकोतील एक निवृत्त शिक्षक ३२ इंची टीव्ही घेऊन आले. सकाळच्या थंडीत तो सुरू व्हायला फार वेळ घेई, दुपारी मात्र लगेच लागे. पुढे दुपारीही नुसताच लुकलुकू लागला. एका सेवा केंद्राने त्यांना बोर्ड गेल्याचे सांगितले होते. थंडीची तक्रार ऐकताच माझा संशय कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागावर, गेला, कारण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून सुकत आला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. स्टँडबायला ५ व्होल्ट व्यवस्थित मिळत होते, परंतु रिमोटचे बटण दाबून चित्र-आवाज हाताळणाऱ्या मेन बोर्डाचा भार पडताच ते ४ च्या खाली कोसळत आणि पुन्हा वर येत. माझे तेव्हाचे भागीदार शेजारीच उभे होते. कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत, म्हणजे ते चांगले आहेत, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. मी त्या लाइनवरील १००० मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर काढून ईएसआर मीटरवर, म्हणजे हा अंतर्गत रोध मोजणाऱ्या मीटरवर, धरले. धारकता (वीज साठवण्याची क्षमता) जवळजवळ पूर्ण होती, रोध मात्र कित्येक ओहम भरला. त्यांच्या जागी १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, कमी ईएसआरचे कपॅसिटर बसवताच टीव्ही सुरू झाला.

ग्राहकाला टीव्ही आजच हवा असतो, मोजत बसण्यापेक्षा बोर्ड बदलून मोकळे व्हावे, हा भागीदारांचा मुद्दा मला आजही मान्य नाही. बाजारात मिळणारा बोर्ड पुष्कळदा दुसऱ्या जुन्या टीव्हीतूनच काढलेला असतो आणि त्यावरचे कपॅसिटरही तितकीच वर्षे तापलेले असतात. म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून तोच दोष विकत घ्यायचा. आपल्या कारागिराला एवढेच विचारा की, सुरू करताना ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनवर किती दाब (व्होल्टेज) राहतो. उत्तर आले नाही, तर टीव्ही दुसरीकडे न्यावा.

अर्थात, लुकलुकण्यामागे दर वेळी सप्लायच असतो असे नाही. मेन बोर्डात किंवा पडद्यामागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटच्या पट्टीत शॉर्ट असला तरी सप्लाय असाच बंद-चालू होतो. फ्यूज काळा पडून मॉसफेटसह (वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरसह) आयसी आणि खालचे ट्रॅकही जळाले असतील, तर मात्र बोर्ड बदलणेच योग्य. स्वतः टीव्ही उघडणार असाल, तर मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब राहू शकतो, म्हणून तो स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट न करता रोधकातून (रेझिस्टरमधून) उतरवावा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच बोर्डाला हात लावावा.