वाचकांचे प्रश्न : सूर-संवाद

प्रश्न : ताई, जुलैत दादरला सुधीर फडके म्हणजे आपल्या बाबूजींच्या स्मृतीसाठी कार्यक्रम आहे आणि त्यात मला तबल्याला बसवलंय, हार्मोनियमला आणि व्हायोलिनला ज्यांना लहानपणापासून ऐकत आलो ते लोक! हात थरथरणार नाही ना? काय तयारी करू?
– एक तबलजी, डोंबिवली

उत्तर : थरथरू दे की, पहिल्या गाण्यानंतर थांबतो. आधी गायक-गायिकांच्या पट्ट्या, म्हणजे ते कुठल्या सुरात गाणार, विचारून घे. पुरुष पेटीच्या काळी एक-दोनला गाणार आणि बाई काळी चार-पाचला, म्हणजे एका तबल्यावर भागणार नाही, मोठ्या तोंडाचा दुसरा हवाच. त्यात जुलै, बाबूजींची जयंती २५ला नि पुण्यतिथी २९ला म्हणून कार्यक्रम पावसातच येतात, दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, सुरात उतरते, मग आत एसी लागला की परत चढते, म्हणून लवकर जाऊन तबला स्टेजवरच ठेव आणि तिथेच लाव. साउंडवाल्याला मॉनिटरमध्ये गाणं आणि पेटी दोन्ही मागायची, लाजायचं नाही.

वाजवताना मात्र हात आखडता. बाबूजींचा शब्दोच्चारावर फार कटाक्ष, त्यामुळे ओळ चालू असताना साधा ठेका, जे काय करायचं ते ओळ संपल्यावर. मोठ्या माणसांसमोर आपली तयारी दाखवायची खाज येते (मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो). रिहर्सलला पेटीवाल्या काकांना सरळ विचार, इथे लग्गी (ठेक्याऐवजी जलद बोल) लावू का? सांगतात हो, आवडतं त्यांना.