आजी मुद्दाम हरते तेव्हा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न हमखास असतो. सांगलीच्या विश्रामबागेतले डॉक्टर दांपत्य असो, तासगावकडचे बागायतदार असोत की मिरजेचे शिक्षक, शब्द थोड्याफार फरकाने तेच असतात : "मॅडम, आमचं मूल हरणं सहनच करत नाही. पत्ते असोत, कॅरम असो, डाव अंगावर येतोय असं दिसलं की पट उधळून देतं." या प्रश्नामागे बहुधा एक भीतीही असते, की आज खेळात असे वागणारे मूल उद्या परीक्षेत आणि आयुष्यात कसे टिकणार. या सर्व पालकांना उत्तर म्हणून एका कुटुंबाचा अनुभव येथे मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मुलाला आपण सोन्या म्हणू.

सोन्या आठ वर्षांचा. वडिलांचा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, आई घर सांभाळून शिकवण्या घेणारी, घरात आजी आणि अकरा वर्षांची ताई. जर्मनीत नोकरीला असलेल्या मामाने सुट्टीसाठी 'झूलोरेटो' नावाचा बैठा खेळ पाठवला होता. माइकल शाख्ट यांनी रचलेल्या या खेळाला २००७ साली जर्मनीत वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळालेला आहे. प्रत्येक खेळाडूने आपले प्राणिसंग्रहालय भरायचे असते. आपली पाळी आली की उपड्या ठेवलेल्या टाइलींमधून, म्हणजे चित्रांच्या पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यांमधून, एक काढून ती एखाद्या ट्रकवर ठेवायची, किंवा टाइल असलेला एक ट्रक उचलून त्यावरचे सगळे प्राणी आपल्याकडे घ्यायचे. एका पिंजऱ्यात एकाच जातीचे प्राणी ठेवता येतात. ज्या प्राण्यांना जागा उरत नाही ते गोठ्यात जातात आणि शेवटी गोठ्यातल्या प्रत्येक जातीमागे दोन गुण कापले जातात. म्हणून दोन पांडा असलेल्या ट्रकवर ताईने उंट ठेवला, की पांडांची वाट पाहणाऱ्या सोन्याचा सगळा बेत फसतो. एका रविवारी नेमके हेच झाले आणि सोन्याने टाइल ताईच्या अंगावर भिरकावल्या. वडील मला म्हणाले, "पोरगं हरलं की घर डोक्यावर घेतंय. खिलाडूवृत्ती नावालाही नाही."

माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीकडे आहे. घटनेपेक्षा त्या घटनेला आपण मनात जो अर्थ देतो तो आपल्याला अधिक छळतो, हे तिचे मूळ सूत्र मला माझ्या कामात पुन्हा पुन्हा खरे ठरताना दिसते. 'मी डाव हरलो' ही घटना झाली. 'हरलो म्हणजे मी कमी ठरलो' हा अर्थ झाला. मुलाला दटावून किंवा समजावून आपण घटनेविषयीच बोलत राहतो आणि अर्थ तसाच आत राहतो. सोन्याने कोणता अर्थ लावला आहे, हे मला त्याच्याकडूनच ऐकायचे होते. त्यासाठी मी त्याला तो खेळ घेऊन यायला सांगितले.

खोका उघडल्यावर सर्वांत आधी मला दिसली ती पांडाची एक टाइल. तिचा कोपरा दातांनी चावून मऊ झाला होता आणि पुठ्ठ्याचे पदर सुटले होते. आम्ही खेळू लागलो. सोन्या हुशारीने खेळत होता, परंतु ट्रक उचलण्यापूर्वी दर वेळी तो पटाऐवजी माझ्या चेहऱ्याकडे पाही. काही पाळ्यांनंतर मी विचारले, "ट्रक घ्यायच्या आधी तू माझ्याकडे का बघतोस?"

"तुम्ही पण मुद्दाम करताय का, ते बघतोय."

"मुद्दाम म्हणजे काय?"

"आजी करते तसं. तिच्याकडे उंटाला जागा नसली तरी ती उंटाचा ट्रक घेते आणि माझ्यासाठी पांडांचा ठेवते. तिला वाटतं मला कळत नाही."

"आणि तुला ते कळतं तेव्हा काय वाटतं?"

तो बराच वेळ त्या चावलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "की मी खरं खेळलो तर हरणारच. म्हणून तर ती तसं करते."

या एका वाक्याने प्रकरणाची सगळी दिशा मला स्पष्ट झाली. घरातली मोठी माणसे प्रेमापोटी हरत होती आणि त्यातून मूल असा निष्कर्ष काढत होते, की माझ्या कुवतीवर यांचा विश्वास नाही. त्यामुळे जिंकण्याने त्याला समाधान मिळत नव्हते, कारण तो विजय खरा आहे की दिलेला हे त्याला ठरवता येत नव्हते. आणि ताईसारखे कोणी खरे खेळून हरवले, की मनातली शंका खरी ठरल्यासारखे वाटून त्याचा तोल जात होता. ज्याला आपण अहंकार किंवा हट्ट म्हणतो, त्याच्या बुडाशी अनेकदा अशी शंका असते, आणि ती मुलाच्या तोंडून बाहेर येईपर्यंत थांबणे हे माझ्या मते समुपदेशकाचे खरे काम आहे.

वयाचाही येथे भाग आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या गोट्यांच्या खेळावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी लहान मुले एकत्र खेळत असली तरी आपापलीच खेळतात आणि सगळेच जिंकले असे मानतात, तर इतरांवर मात करण्यासाठी एकाच नियमाने खेळणे साधारण सातव्या-आठव्या वर्षी सुरू होते, असे त्यांना आढळले. म्हणजे सोन्याच्या वयाला हरण्याचा अर्थ नुकता कुठे कळू लागलेला असतो. या वयात तो झोंबणे स्वाभाविक आहे, आणि आईवडिलांनी एवढे जाणले तरी त्यांच्या स्वरातली धार कमी होते.

पुढच्या भेटीला मी वडिलांना आणि आजींना बोलावले. सोन्याची परवानगी घेऊन त्याचे वाक्य त्यांना सांगितले. आजींनी पदर डोळ्यांना लावला. "लेकराच्या डोळ्यांत पाणी बघवत नाही हो, म्हणून हरत होते."

"आजी, तुमची माया त्याला पोचली आहे. आता तुमचा विश्वास पोचवायचा आहे," मी म्हणाले.

वडिलांना मी विचारले, "सौद्यात नुकसान झालं त्या दिवशी तुम्ही घरी काय करता?"

"काही बोलत नाही. घरच्यांना कशाला त्रास? जेवतो आणि झोपतो."

आठ वर्षांच्या मुलाला त्या मौनातून काय दिसत असेल, एवढेच मी विचारले. नुकसान ही इतकी भयंकर गोष्ट आहे की पप्पांनाही तिच्याविषयी बोलता येत नाही, हा धडा तो रोज ताटावर बसून घेत होता. वडील काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हे कधी डोक्यातच आलं नाही." त्यानंतर दरभाव चुकला तर ते जेवताना सरळ सांगू लागले : आज अंदाज चुकला, वाईट वाटतंय, उद्या पुन्हा यार्डात जायचंय.

त्या आठवड्यात आजी पहिल्यांदा खऱ्या खेळल्या आणि जिंकल्या. सोन्या उठून गॅलरीत गेला, रडला. ठरल्याप्रमाणे त्याच्यामागे कोणीही गेले नाही. थोड्या वेळाने तो परत आला आणि त्याने विचारले, "आजी, तू खरं खेळलीस ना?" आजी म्हणाल्या, "अगदी खरं खेळले." "मग परत एक डाव," तो म्हणाला. त्यानंतरही तो दोन-तीनदा चिडला, एकदा ताईशी भांडलाही, मात्र टाइल पुन्हा फेकल्या नाहीत.

अशा घरांना मी जे सांगते ते असे. मुद्दाम हरू नका. वयात फरक असेल तर सवलत उघडपणे आणि खेळ सुरू होण्यापूर्वी ठरवा. लहानाने अमुक गुण जास्त घेऊन सुरुवात करावी, हे सर्वांनी मिळून मान्य केले, की जिंकल्यावर कोणाला शंका उरत नाही आणि मूल मोठे होईल तशी ती सवलत त्याच्याच संमतीने कमी करता येते. "खेळच तर आहे, त्यात काय रडायचं" हे वाक्य टाळा, कारण त्या क्षणी मुलासाठी तो केवळ खेळ नसतो. "वाईट वाटलं ना, तुझा पांडांचा पिंजरा भरायला एकच कमी होता" असे म्हणणे अधिक उपयोगी पडते. रडायला, उठून जायला मोकळीक असावी, मात्र दुसऱ्याच्या सोंगट्यांना किंवा अंगाला हात लावायचा नाही, हा नियम खेळ सुरू होण्यापूर्वीच सांगितलेला असावा. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून चॉकलेट देण्याची पद्धत बंद करावी आणि डाव संपल्यावर कोणाची कोणती चाल आवडली, हे मोठ्यांनी आपसांतही बोलावे. हरल्यावर आपण स्वतः कसे वागतो, याकडे मुलाचे बारीक लक्ष असते, तेव्हा सर्वांत आधी ते तपासावे.

मूल शाळेतही चूक झाली की वही फाडत असेल, हरण्याच्या भीतीने खेळायलाच नकार देत असेल, स्वतःला मारून घेत असेल किंवा त्याची झोप बिघडली असेल, तर मात्र घरगुती उपायांवर विसंबून न राहता समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी, आणि जाताना मुलाला "तुला सुधारायला नेतोय" असे सांगू नये.