व्हिक्टोरियन व्हिला ओळखावा तो आराखड्यावरून

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील वाइट बेटावरचे ऑस्बर्न हाउस, म्हणजे इटालियन धाटणीचे, उंच मनोऱ्यांचे, फिकट गिलाव्याचे घर, आणि उत्तर ऑक्सफर्डमधली टोकदार कमानींची विटांची घरे, या दोहोंना ‘व्हिक्टोरियन व्हिला’ हे एकच नाव कसे, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे. ‘व्हिक्टोरियन’ हे शैलीचे नाव नसून राणी व्हिक्टोरियाच्या १८३७ ते १९०१ या राजवटीचे नाव आहे, आणि त्या काळात घर इटालियन घाटाचे बांधायचे की गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींचे, हे मालकाच्या आवडीवर ठरत असे. या घरांचे खरे साम्य, माझ्या मते, दर्शनी भागात नसून आराखड्यात आहे: घरातील कोणी कोणाच्या नजरेस पडावे आणि कोणी पडू नये, याचा तिथे फार बारकाईने विचार केलेला असतो.

ऑस्बर्नचेच पाहू. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती प्रिन्स अल्बर्ट यांनी ही मालमत्ता १८४५ मध्ये घेतली. समोरची सोलेंट सामुद्रधुनी पाहून अल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण होई, आणि इटालियन घाट निवडला गेला त्यामागे हेही एक कारण होते. त्याने आराखड्यासाठी मदतीला घेतले ते कोणा नामवंत वास्तुविशारदाला नव्हे, तर लंडनचा बांधकाम व्यावसायिक टॉमस क्यूबिट याला. कुटुंबाचा भाग, ज्याला पॅव्हिलियन म्हणतात, तो आधी उभा राहिला आणि १८४६ मध्ये राजकुटुंब तिथे राहू लागले. उरलेले बांधकाम १८५१ पर्यंत चालले. पॅव्हिलियनमध्ये तळमजल्यावर पाहुण्यांच्या स्वागताच्या खोल्या, त्यावर राणीची खासगी दालने आणि त्याही वर मुलांच्या खोल्या आहेत. दरबारी मंडळींसाठी वेगळी इमारत असून दोन्ही भाग एका लांब, पुतळ्यांनी सजवलेल्या मार्गिकेने जोडलेले आहेत.

सर्वांत बोलकी जागा मात्र बिलियर्डची खोली आहे. ती दिवाणखान्याला काटकोनात जोडलेली आहे आणि मध्ये दार नाही, केवळ खांब आहेत. राणीच्या उपस्थितीत पुरुषांनी बसायचे नाही असा शिष्टाचार होता. पण कोपरा वळला की ते तिच्या दृष्टीआड होत, आणि तिच्याच सहवासात असल्याचे मानून निवांत बसू शकत. शिष्टाचारातली अडचण भिंतींच्या एका वळणाने सोडवलेली मी तरी इतरत्र पाहिलेली नाही.

हीच विभागणी लहान प्रमाणात साध्या उपनगरी व्हिलातही दिसते. तिथे नोकरांसाठी मागचा अरुंद जिना असतो, आणि त्यांच्या भागाकडे जाणाऱ्या दारावर हिरवे जाड लोकरी कापड ठोकलेले असते, जेणेकरून स्वयंपाकघरातला आवाज आणि वास पुढच्या दालनांपर्यंत पोहोचू नये. पुढची भिंत सजवलेली आणि मागची अगदी साधी, हा फरकही त्याच हिशेबाचा भाग आहे.

घराचा काळ ठरवताना मी खिडक्या आधी पाहतो. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये उठला, आणि मोठी तावदाने हळूहळू परवडू लागली. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीतल्या आडव्या-उभ्या पट्ट्या कमी झाल्या, काच जड झाली, आणि चौकटीच्या सांध्याला बळकटी देण्यासाठी चौकटीच्या बाजूच्या उभ्या लाकडांची टोके थोडी लांब सोडली जाऊ लागली. या टोकांना ‘हॉर्न’ म्हणतात. ती दिसली, तर मूळ खिडकी सहसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली असते.

याच काळात वास्तुविशारद फिलिप वेबने कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिससाठी १८५९-६० मध्ये बेक्सलीहीथ येथे रेड हाउस बांधले. तिथे विटांवर गिलावा नाही, आणि खिडक्या बाहेरून सममित दिसण्याऐवजी आतील खोलीच्या गरजेप्रमाणे बसवल्या आहेत. मला हे घर ऑस्बर्नपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

तरीही ऑस्बर्नला गेलात, तर १८९०-९१ मध्ये जोडलेला दरबार हॉल अवश्य पाहा. त्याची आखणी लाहोरच्या भाई राम सिंग यांनी लॉकवुड किपलिंग यांच्या सहकार्याने केली. हे किपलिंग लाहोरला जाण्यापूर्वी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. बाहेरून हा भाग जुन्या घराशी जुळणारा, इटालियन घाटाचा आहे. आत शिरल्यावर मात्र भिंती आणि छत नाजूक भारतीय नक्षीकामाने भरलेले दिसतात, आणि शेकोटीच्या वर एक मोठा मोर पिसारा फुलवून उभा आहे.