असर्ट बंद केले आणि जॉब हातचा गेला, आता कोडिंग सोडू का?

तुझा मेल दोनदा वाचला. सांगलीत बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पायथनमध्ये बँकेचा प्रोजेक्ट केलास, फास्ट पळावा म्हणून चालवताना 'मायनस ओ' हा फ्लॅग लावून असर्ट, म्हणजे 'ही अट खरी असायलाच हवी' असं तपासणाऱ्या ओळी, बंद केलेस आणि इंटरव्ह्यूत तेच अभिमानाने सांगितलंस. मग समोरच्या सरांनी पैसे काढायच्या जागी उणे ५०० टाकले आणि बॅलन्स ५०० रुपयांनी वाढला. आता विचारतोयस की कोडिंग सोडून बँकेच्या परीक्षा देऊ का.

नको रे, एवढ्यावरून नको.

चूक कुठे झाली ते नीट बघ, पुढच्या इंटरव्ह्यूत हेच कामाला येणारे. मायनस ओ लावला की पायथन असर्टच्या ओळी बाइटकोडमध्ये, म्हणजे तो प्रत्यक्षात चालवतो त्या कोडमध्ये, घेतच नाही, म्हणजे 'रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी' ही तुझी अट प्रोग्रॅममधून गायबच झाली. पण मुळात ती असर्टने तपासायचीच नव्हती, ग्राहक काय टाइप करेल ते आपल्या हातात नसतं, तिथे साधा इफ लावायचा आणि रक्कम चुकीची असेल तर व्हॅल्यूएरर ही एरर द्यायची, तो इफ कुठल्या फ्लॅगने जात नाही. असर्ट आपल्या स्वतःच्या कोडमधल्या चुका पकडायला. जावात तर 'मायनस ईए' दिल्याशिवाय असर्ट चालतच नाहीत, हेही विचारतात बरं का.

आणि फास्ट म्हणजे किती फास्ट? तुझ्या अख्ख्या मेलमध्ये एक आकडा नाही, मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. अशा प्रोजेक्टमध्ये वेळ बहुतेक डेटाबेसमध्ये जातो, असर्टमधली एक तुलना टाळून काय वाचणार? मोठमोठे लोकही इथे फसलेत. १९९६ ला एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत फुटलं, कॉम्प्युटरवरचा लोड ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून सातपैकी तीन व्हेरिएबलना संरक्षणच दिलं नव्हतं, कोड एरियन ४ वरून आणलेला, आणि त्यातल्याच एकाचा आकडा १६ बिटांत मावला नाही.

तर या आठवड्यात इफ घाल, उणे रकमेची टेस्ट लिही, सीप्रोफाइल हे पायथनचं वेळ मोजायचं टूल चालवून वेळ कुठे जातो ते काढ. रेझ्युमेतलं 'ऑप्टिमाइज्ड' काढून तिथे ते आकडे टाक, आणि कोणी विचारलंच तर उणे ५०० चा किस्सा स्वतःहून सांग, लपवू नकोस. वेगाची खरंच आवड असेल तर परफॉर्मन्स टेस्टिंगच्या जागा असतात, तिथेही अर्ज कर. टाइमिंग आले की मला पाठव, रेझ्युमे आपण एकत्र बसून बघू.