मूल जन्माला न घालता आईपण येतं का?

तुमचा प्रश्न आहे की आईपण म्हणजे नेमकं काय, आणि ज्यानं मूल जन्माला घातलं नाही त्याला ते जमतं का. मी बाप आहे, तरी सांगतो.

आमची मुलगी आठव्या महिन्यातच झाली. बायको बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बाळाला छातीशी धरायचं काम माझ्याकडे आलं. उघड्या छातीवर बाळ, वरून पांघरूण, तासन् तास तसंच बसायचं. याला कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात इन्क्युबेटर पुरेनात, म्हणून १९७८च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. नावात 'मदर' असलं तरी ऊब बापाच्या छातीचीही चालते.

पण ऊब म्हणजेच आईपण, असं मात्र नाही. हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाचा माकडांच्या पिल्लांवरचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. खऱ्या आईपासून तोडलेल्या पिल्लांसमोर त्यानं दोन बनावट आया ठेवल्या; दूध देणारी तारेची 'आई' सोडून पिल्लं मऊ कापडाच्या 'आई'ला बिलगून राहिली. गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबवतात. पुढे ही पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांना इतर माकडांत धड मिसळता येईना, आणि त्यांतल्या कित्येक माद्यांनी स्वतःच्या पिल्लांना जवळ केलं नाही, काहींनी तर इजा केली. (प्रयोग क्रूरच होता.) कापडाची आई मऊ होती, पण पिल्लू ओरडलं तरी ती हलायची नाही.

मला आईपण या हलण्यात दिसतं. बाळ रडलं की अंदाज करायचा: भूक? झोप? लंगोट ओला? अंदाज चुकतो, मग दुसरा करायचा. मी बहुतेकदा चुकायचो. विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं 'पुरेशी चांगली आई' अशी कल्पना मांडली, ती वाचून मला फार हायसं वाटलं. सगळं अचूक करणारी आई बाळाला लागतच नाही.

बायको उठून बसू लागली तेव्हा मुलगी तिच्याकडे रडायची आणि माझ्याकडे आली की गप्प व्हायची. तिला ते फार लागलं. एकदा चिडून म्हणाली, "तुला बरं कळतं हिला काय हवंय ते!" कळत काहीच नव्हतं. मी फक्त तिच्यापेक्षा पंधरा दिवस जास्त चुकलो होतो.