अजून ओलंच आहे! सणाच्या हस्तकलेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मिठाच्या पिठाचे तारे आणि पानं करून ओव्हनमध्ये भाजली. काहींवर फुगे आले, काहींना मधोमध भेगा पडल्या. जी चांगली निघाली ती रंगवून टांगली, तर महिन्याभरात तीही हाताला ओलसर लागायला लागली. एक तर भोकापाशी तुटून खालीच पडलं. चुकतंय कुठे?

उत्तर: तक्रारी चार आहेत, पण भोकापाशी तुटणं सोडलं तर बाकी तिन्हींच्या मागे पाणीच आहे. प्रमाणापासून सुरुवात करू. 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ आणि साधारण पाऊण वाटी पाणी. मीठ जाड असेल तर मिक्सरमधून काढून घ्या, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि कापताना कडा फाटतात. पाणी एकदम ओतू नका. शेवटचे दोन-तीन चमचे हाताशी ठेवा आणि लागले तरच घाला. गोळा 8 ते 10 मिनिटं मळायचा. बोटाला चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय, आणि दाबल्यावर कडेला चिरा पडत असतील तर कमी. मग झाकून अर्धा तास ठेवा. मुरलेलं पीठ लाटल्यावर आखडत नाही, त्यामुळे ताऱ्याची टोकं टोकंच राहतात. बेकिंग पावडर मिसळलेला तयार मैदा मात्र अजिबात घेऊ नका.

जाडी 5 ते 6 मिलिमीटर, आणि सगळीकडे सारखी. लाटण्याच्या दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून लाटलं की मुलांच्या हातूनही जाडी सारखी येते. भेगा पडतात त्या बहुतेक वेळा इथूनच: पातळ कड आधी वाळते आणि आकसते, मधला भाग ओला असतो, त्या ओढाताणीत तडा जातो. टांगायचं भोक स्ट्रॉने पाडा, कडेपासून निदान 1 सेंटिमीटर आत. तुमचा तारा तुटला तो भोक कडेला फार जवळ असल्याने. भाजताना भोक थोडं आवळतं, म्हणून अर्ध्या तासाने ट्रे बाहेर काढून स्ट्रॉ पुन्हा एकदा फिरवा.

फुग्यांचं कारण घाई. ओव्हन तापलेला असला की वरचा थर आधी कडक होतो, आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि ती थर उचलते. तापमान 90 ते 100 अंश सेल्सिअस ठेवा आणि अडीच ते तीन तास द्या. दर पाऊण तासाने वस्तू उलटा. वाळलं की नाही हे वरून कळत नाही. वस्तू पालथी करून मधोमध नखाने टिचकी मारा. टकटक असा कोरडा आवाज आला तर झालं, बद्द आवाज आला किंवा तो भाग नखाने दबला तर परत आत. झाल्यावर ओव्हन बंद करून वस्तू आतच निवू द्या. गरमागरम बाहेर काढलेल्या वस्तूला तासाभराने तडा गेला तर नवल नाही.

आता ओलसरपणा. मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेतं, त्याला इलाज नाही. फक्त हवेचा संबंध तोडता येतो. ॲक्रिलिक रंग दिल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या, मग वॉर्निशचे दोन हात द्या, आणि ते पुढून, मागून, कडांवर, भोकाच्या आतसुद्धा. बहुतेक जण फक्त पुढची बाजू चमकवतात आणि मागून दमटपणा आत शिरतो. उलट, आत ओल राहिलेल्या वस्तूला वॉर्निश लावलं तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो किंवा बुरशी येते. अजून वॉर्निश न लावलेली वस्तू मऊ पडली असेल तर 90 अंशांवर तासभर ठेवली की सुधारते. वॉर्निश लावलेली मात्र ओव्हनमध्ये घालू नका.

एक सावधगिरी. या पिठात मीठ इतकं असतं की त्याचा गोळा पोटात जाणं लहान मुलांना धोक्याचं आहे, आणि कुत्र्याच्या तर जिवावर बेतू शकतं. चाटून थुंकणारं मूल ठीक, पण टेबलाखाली पडलेले तुकडे लगेच उचला.

प्रश्न: आमच्या बालवर्गात साडेतीन-चार वर्षांची 22 मुलं आहेत. मी आणि एक मदतनीस ताई. सुट्टीआधी प्रत्येकाने कागदी कंदील घरी न्यावा असं ठरलंय. गेल्या खेपेला सगळं एका तासिकेत उरकायला गेलो, तर निम्मे कंदील आम्हीच केले आणि ओल्या कागदांचा लगदा झाला. कसं बसवायचं?

उत्तर: एका दिवसात बसवायचंच नाही. तीन दिवस घ्या आणि एका वेळी पाच-सहा मुलंच टेबलाशी बसवा, बाकीची दुसऱ्या खेळात. या वयाची मुलं एका कामात 10 ते 15 मिनिटं रमतात, त्या हिशोबाने कामाचे तुकडे पाडा.

पहिला दिवस रंगवण्याचा. ए-4 आकाराचा 120 ते 160 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद रंगाने ढिला पडतो आणि 200 च्या पुढचा कागद लहान हातांना कापवत नाही. रंग दाट ठेवा आणि ब्रशऐवजी स्पंजचा तुकडा द्या, पाणी कमी लागतं. मागच्या बाजूला नाव आधीच पेन्सिलीने लिहा. नंतर 22 रंगीत कागदांतून ओळख पटत नाही. वाळल्यावर रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवा.

दुसरा दिवस कापण्याचा. कागद लांबीत निम्मा दुमडा, म्हणजे घडी 29.7 सेंटिमीटर लांब आणि 10.5 रुंद होते. घडीपासून उघड्या कडेकडे दर 2 सेंटिमीटरवर रेघा मारा आणि कडेच्या 3 सेंटिमीटर अलीकडे थांबा. साधारण 14 काप होतात. इथे दोन चुका हमखास होतात: मूल उघड्या कडेने कापायला सुरू करतं, किंवा घडीकडूनच सुरू करून थेट आरपार जातं आणि हातात सुट्या पट्ट्या येतात. त्यावर सोपा उपाय कपड्यांचे चिमटे. उघड्या कडेला दोन-तीन चिमटे लावा आणि त्या 3 सेंटिमीटरच्या रेषेवर कागदी चिकटपट्टी ओढा. मुलांना एकच सांगायचं: चिमट्याकडे कापत जायचं, पट्टी आली की थांबायचं. चिमट्यांमुळे दोन्ही थर सरकतही नाहीत. सहा-सात काप करून जे मूल कंटाळेल त्याचे उरलेले तुम्ही करा. नुकतंच तीन पूर्ण केलेल्या मुलाला सलग साडेसात सेंटिमीटर कापणं जमत नाही, त्याला रंगवणं आणि चिकटवणं द्या.

तिसऱ्या दिवशी जोडणी. कागद उलगडून गोल वळवला की सुमारे 9 सेंटिमीटर व्यासाची नळी होते. पण नुसती अशी नळी फुगत नाही, लुळी उभी राहते. आत पिवळ्या कागदाची 18 सेंटिमीटर उंचीची, किंचित कमी घेराची दुसरी नळी घाला आणि कंदिलाची वरची नि खालची कड तिच्या दोन टोकांना चिकटवा. 21 सेंटिमीटरचा कागद 18 मध्ये बसवल्यामुळे पट्ट्या घडीपाशी बाहेर येतात, जवळजवळ साडेचार सेंटिमीटर. मुलांना सगळ्यात मजा या क्षणाची येते, तेवढा तरी त्यांच्यासमोर करा. कडी 2 बाय 25 सेंटिमीटरची. स्टेपलर मोठ्यांनीच मारायचा, पिनेचे पाय बाहेरच्या बाजूला घेऊन वर चिकटपट्टी लावायची.

काही कंदील वाकडे होतील. होऊ द्या. 22 कंदील एकसारखे दिसले की ते कोणी केले हे पालकांना लगेच कळतं.

प्रश्न: कंदिलात सेलवर चालणारे छोटे एलईडी दिवे ठेवले तर चालतील ना?

उत्तर: कागदी कंदिलात पेटती ज्योत नकोच, तेव्हा एलईडीच. पण त्यातले बरेच दिवे बटणाएवढ्या चपट्या सेलवर चालतात. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारे दिवेच घ्या. नुसतं सरकतं झाकण असेल तर तो दिवा लहान मुलांच्या खोलीत नको. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठा.

प्रश्न: शुभेच्छापत्रावर रंगीत कागदाचे आकार चिकटवले की वाळल्यावर सगळं कार्ड सुरकुततं. गम बदलू का?

उत्तर: हो, आणि लावायची पद्धतही. पांढऱ्या गममध्ये पाणी असतं. ते शोषून कागदाचे तंतू फुगतात, वाळताना आखडतात, पण सगळीकडे सारखे नाही, म्हणून सुरकुत्या. कागदावर कागद लावायला ग्लू स्टिक पुरते. पांढरा गम पुठ्ठा, कापड, काड्या, बटणं यांच्यासाठी ठेवा. मुलांना बाटली देऊ नका, झाकणात थोडासा गम आणि कापूस गुंडाळलेली काडी द्या. ठिपका लावून बोटाने दहा आकडे मोजेपर्यंत दाबायचं. कार्डाची घडी तुटल्यासारखी खरबरीत होत असेल तर ते वेगळं दुखणं. कागद न मोडता आडवा आणि उभा वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो त्या दिशेनेच घडी घाला, म्हणजे ती तंतूंना समांतर येते.

प्रश्न: मुलीच्या हाताचा ठसा घ्यायचा आहे. दर वेळी फरफटतो, आणि तळव्याचा मधला भाग उमटतच नाही.

उत्तर: हात रंगात बुडवू नका, स्पंजने पातळ थर लावा. रंग बोटांच्या बेचक्यात साचला असेल तर पुसून घ्या, फरफट तिथूनच होते. तळवा मधे खोलगट असतो, म्हणून कार्डाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. मऊ बैठकीमुळे कागद खोलगट भागापर्यंत पोचतो. मनगट धरून हात सरळ खाली टेकवा, एकेक बोट वरून दाबा आणि हात तसाच सरळ वर उचला. अगदी लहान बाळ मूठ मिटतं, तेव्हा हात कागदाकडे नेण्याऐवजी कार्ड पुठ्ठ्यावर लावून हाताकडे न्या. पहिला ठसा रद्दीवर घ्या, चांगला बहुधा दुसरा येतो. ओला टॉवेल आधीच हाताशी हवा, नाहीतर तिसरा ठसा भिंतीवर.

प्रश्न: वर्गातला एक मुलगा डावखुरा आहे. कात्री धरतो नीट, पण कागद कापला न जाता पात्यांत दुमडतो.

उत्तर: दोष कात्रीचा आहे. साध्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांना घासतात. डाव्या हातात तोच दाब त्यांना दूर ढकलतो, शिवाय रेघ पात्याआड जाते. त्याला डावखुऱ्यांची कात्री द्या, जिची पातीच उलट बसवलेली असतात. दोन्ही हातांनी धरता येणारी मूठ असलेल्या कात्रीने भागत नाही. सुरुवातीला एकाच कापात तुटतील अशा सेंटिमीटरभर रुंदीच्या कागदी पट्ट्या द्या, आणि अंगठा वर आहे ना ते बघा.

प्रश्न: 2 मीटर कागदी साखळीला किती कागद लागतील?

उत्तर: ए-4 कागद आडवा कापून 21 बाय 2.5 सेंटिमीटरच्या 11 पट्ट्या निघतात. 2 सेंटिमीटर एकावर एक घेऊन चिकटवलं की कडी साधारण 6 सेंटिमीटरची होते. म्हणजे 33-35 कड्या, 4 कागद. उरलेल्या पट्ट्या फाटणाऱ्या कड्यांसाठी ठेवा, बालवर्गात त्या लागतातच.